मागे कोण आहे? टेम्पो-पिकअपला मागचा कॅमेरा निवडताना व बसविताना

जव्हार-मोखाडा भागात ज्याच्या दारात पिकअप किंवा छोटा टेम्पो उभा आहे, त्याचा धंदा गाडी पुढे नेण्यावर जितका चालतो तितकाच ती मागे घेण्यावरही चालतो. साखरशेतसारख्या गावी डांबरी रस्ता सोडून पाड्याच्या वाटेला लागले की गाडी वळविण्यापुरती जागा सहसा मिळत नाही. सिमेंट, पत्रे, खत वा किराणा उतरवून झाला की आल्या वाटेने गाडी मागेच घ्यावी लागते. एका बाजूला शेताचा बांध, दुसऱ्या बाजूला उतार, आणि गाडी आली म्हणून कौतुकाने गोळा झालेली पोरे. मागे ताडपत्रीचे हूड असले तर केबिनमधला आरसा निकामी होतो. बाजूचे दोन आरसे गाडीच्या दोन कडा दाखवितात, पण नेमके मध्ये, फाळक्यामागे काय आहे ते दाखवीत नाहीत.

हा प्रश्न केवळ डोंगरी वाटांचा नाही. अमेरिकेत २००२ मध्ये कॅमेरॉन गुलब्रॅनसेन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरासमोर गाडीखाली सापडून मरण पावला. गाडी मागे घेणारे त्याचेच वडील होते, आणि ते पेशाने मुलांचे डॉक्टर होते. गाडीची मागची बाजू उंच, मूल ठेंगणे. आरशात ते दिसलेच नाही. त्या मुलाच्या नावाने पुढे कायदा झाला. २०१४ मध्ये त्याखालील अंतिम नियम निघाला आणि १ मे २०१८ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. नियम करताना तेथील रस्ता सुरक्षा खात्याने दिलेला अंदाज असा होता की, मागे येणाऱ्या गाडीखाली वर्षाला सुमारे २१० माणसे मरतात व १५,००० जखमी होतात. मरणाऱ्यांत जवळजवळ एक तृतीयांश पाच वर्षांखालील मुले असतात.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे अडथळा आला की सूचना देणारी यंत्रणा आवश्यक झाली. पण पाड्यापाड्यांवर माल पोचविणाऱ्या जुन्या पिकअपला तिचा उपयोग नाही. तेथे मालकानेच सोय करावयाची आहे. कॅमेरा आता महाग राहिलेला नाही. परंतु चुकीचा निवडला किंवा घाईने बसविला तर पहिल्या पावसातच तो बंद पडतो. त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा चालू राहतो, पण चुकीचे अंतर दाखवितो. म्हणून ही माहिती गाडीमालक व वायरमन या दोघांसाठीही दिली आहे.

आधी न दिसणारी जागा मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक चाचणी करावी. गाडी सपाट जागी इंजिन बंद करून उभी करा. चालकाला त्याच्या जागी बसवा. फाळक्यामागे मधोमध अडीच फूट उंचीचा डबा किंवा बादलीवर ठेवलेली विटांची चळत उभी करा. लहान मुलाची उंची एवढीच धरावी. आता ती वस्तू एकेक पाऊल मागे सरकवीत न्या. चालकाला कोणत्याही आरशात ती प्रथम दिसेल तेथे खडूने खूण करा. खुणेपासून फाळक्यापर्यंतची सगळी जागा म्हणजे आपल्या गाडीचा आंधळा भाग होय. हूड असलेल्या गाडीचे हे माप पाहून पुष्कळ मालक चकित होतात.

कॅमेऱ्याने हीच जागा भरून काढली पाहिजे. अमेरिकेच्या नियमात गाडीमागील १० फूट रुंद व २० फूट लांब पट्टा चित्रात दिसला पाहिजे, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे, असे ठरविले आहे. आपल्यावर तो नियम बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उत्तम आहे.

कॅमेरा निवडताना

१) व्होल्टेज : पिकअप, छोटा टेम्पो व मोटारी यांची बॅटरी १२ व्होल्टची असते, मोठे ट्रक, टिपर व बस यांची बहुधा २४ व्होल्टची. केवळ १२ व्होल्टचा कॅमेरा २४ व्होल्टवर जोडला तर तो जळतो. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्या.

२) पाणी व धूळ : खोक्यावर ‘आयपी’ अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही व एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. आपल्याकडील पाऊस व लाल चिखल पाहता याहून कमी दर्जाचा कॅमेरा घेऊ नये. मात्र गाडी धुण्याच्या जोरकस फवाऱ्याची कसोटी वेगळी असते. आयपी ६७ असला तरी फवारा सरळ कॅमेऱ्यावर धरू नये.

३) कोन : ‘१७० अंश’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. हा कोन पुष्कळदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. आडवा कोन त्याहून कमी भरतो. शिवाय कोन जितका मोठा तितकी प्रत्येक वस्तू चित्रात लहान व लांब दिसते. पिकअपला १२० ते १५० अंशांचा कॅमेरा पुरेसा होतो. आकड्याला भुलू नका. दुकानातच मॉनिटरला जोडून पाहा.

४) कॅमेरा व मॉनिटर यांचा मेळ : जुन्या पद्धतीचा साधा व्हिडिओ सिग्नल आणि नवा ‘एएचडी’ सिग्नल हे वेगळे आहेत. साध्या मॉनिटरला एएचडी कॅमेरा जोडला तर चित्रच येत नाही. दोन्ही वस्तू एकाच दुकानातून, एकत्र चालवून, पक्क्या बिलावर घ्याव्यात.

५) उलटे चित्र : मागचा कॅमेरा आरशासारखे चित्र देणारा हवा. गाडीच्या डाव्या बाजूला हात धरला तर तो पडद्याच्याही डाव्या बाजूला दिसला पाहिजे. पुढे लावावयाचा कॅमेरा मागे बसविला तर डावे-उजवे बदलते आणि चालक नेमका चुकीच्या बाजूला स्टिअरिंग वळवितो.

६) वायरलेस घ्यावा काय? : वायरलेसमध्ये फक्त चित्राची केबल वाचते, कॅमेऱ्याला वीज लागतेच, म्हणून रिव्हर्स लाइटची जोडणी चुकत नाही. लोखंडी बॉडीच्या गाडीत सिग्नल अडतो व चित्र उशिरा येते. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर जाते. चित्र अर्धा सेकंद मागे राहिले तर गाडी दोन फुटांहून अधिक पुढचे अंतर कापून बसलेली असते. मालवाहू गाडीला केबलचाच कॅमेरा चांगला.

कोठे बसवावा?

मोटारीत नंबरप्लेटच्या वरची जागा सोयीची असते. पिकअपचे तसे नाही. फाळक्यावर बसविलेला कॅमेरा फाळका पाडला की जमिनीकडे पाहतो, आणि माल चढविताना-उतरविताना पहिला मार त्यालाच बसतो. म्हणून दोनच जागा विचारात घ्याव्यात.

पहिली जागा फाळक्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, थोडी आतल्या अंगाला. येथे धक्का लागत नाही, पण चाकांचा चिखल उडतो व काच रोज पुसावी लागते. दुसरी जागा हुडाच्या मागच्या कमानीवर, वर मधोमध, खाली झुकवून. येथे चिखल कमी लागतो आणि फाळक्यालगतची जमीनही दिसते. ज्या गाडीचे हूड कायम असते तिला ही जागा उत्तम. हूड काढून चालविणाऱ्याने पहिलीच निवडावी. जागा कोणतीही असो, चित्राच्या तळाशी फाळक्याची किंवा बंपरची कड बारीकशी दिसली पाहिजे. ती दिसली तरच आपली गाडी कोठे संपते हे चालकाला कळते. नंबरप्लेट झाकली जाणार नाही व तिला भोक पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

जोडणीचे काम

काम सुरू करण्यापूर्वी कॅमेरा, केबल व मॉनिटर जमिनीवरच बॅटरीला जोडून चित्र पाहा. भोक पाडल्यावर माल खराब निघाला तर दुकानदार परत घेत नाही.

रिव्हर्स लाइटची वायर शोधणे : चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा व रिव्हर्स गिअर टाका. मल्टीमीटरची काळी तार बॉडीला, लाल तार वायरला लावा. गिअर असताना १२ व्होल्टच्या आसपास व गिअर काढताच शून्य दाखविते तीच वायर. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये गाडी असताना, मागे उभे राहून हे काम कधीही करू नये. वायर सापडली की बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून मगच जोडणीला हात घाला.

नव्या गाड्यांत दिव्यांना वीज संगणकीय पेटीतून, तुकड्यातुकड्यांनी दिली जाते. तेथे कॅमेरा सरळ जोडला तर चित्र थरथरते किंवा डॅशबोर्डवर बिघाडाची खूण येते. अशा गाडीत फिल्टर किंवा त्या कामासाठीचा रिले लावतात. दिव्याचा साधा टेस्ट लॅम्प तेथे लावू नये, मल्टीमीटरच वापरावा. पिवळ्या आवरणातील वायर वा पिवळा जोड दिसला तर तो एअरबॅगचा समजावा व त्याला हात लावू नये. वॉरंटीतील गाडी असेल तर मूळ वायर कापण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारून घ्यावे.

वीज किती लागते? : जुन्या पद्धतीचा रिव्हर्स बल्ब २१ वॅटचा असतो, १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो. लहान कॅमेरा व लहान मॉनिटर मिळून त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतात. म्हणून साध्या पिकअपला दोन्ही रिव्हर्स लाइटवर जोडले तरी चालते. गिअर पडला की पडदा लागतो, गिअर काढला की विझतो, आणि चालकाचे लक्ष एरवी रस्त्यावरच राहते. जोडाजवळ १ किंवा २ अँपिअरचा वेगळा फ्यूज लावावाच. वायर घासून उघडी पडली तर फ्यूज उडतो, गाडी वाचते.

केबल नेणे : केबल चेसिसवरील मूळ वायरिंगबरोबर न्यावी आणि दर फुटावर पट्टीने बांधावी. सायलेन्सर, फिरता शाफ्ट व पाटे यांपासून ती दूर ठेवावी. केबिन व मागची बॉडी खड्ड्यात वेगवेगळी हलतात, म्हणून त्या दोहोंमध्ये केबलला थोडी ढील द्यावी. पत्र्याच्या भोकातून केबल नेताना रबरी बूच घालावेच. आत शिरण्यापूर्वी केबल थोडी खाली लोंबती ठेवावी. म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सर्वांत खालच्या टोकाला गळून पडते, केबिनमध्ये शिरत नाही. नवे भोक पाडले तर त्याच्या कडेला रेड ऑक्साइड लावा. नाहीतर गंज तेथूनच सुरू होतो.

जोड : वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो. जोड झाळून त्यावर आकसणारी नळी चढवावी. चित्राच्या केबलचा पिवळा जोड गाडीच्या बाहेर उघड्यावर ठेवू नये. ठेवावाच लागला तर रबरी टेपने हवाबंद करावा. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळावा व वर ग्रीस लावावे. चित्रात रेषा येणे, चित्र मधूनच जाणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा कॅमेऱ्यात नसून कच्च्या अर्थिंगमध्येच असते.

पडद्यावरील रेषा : येथे नीट लक्ष द्या

पडद्यावर हिरव्या, पिवळ्या व लाल रेषा येतात. चालक त्यांनाच फूटपट्टी समजतो. कारखान्यात या रेषा एका ठराविक उंचीसाठी व सपाट जमिनीसाठी आखलेल्या असतात. आपली जमीन सपाट नाही व आपली गाडी रिकामी नसते. त्यामुळे डोंगरी भागात पुढील चार गोष्टी पाठच कराव्यात.

पहिली, मागे चढ असेल तर चढावरील वस्तू पडद्यावर वर सरकते आणि आहे त्यापेक्षा लांब दिसते. हीच सर्वांत धोक्याची स्थिती.

दुसरी, मागे उतार असेल तर वस्तू जवळ भासते. परंतु बांधाची कड संपून खाली किती खोल आहे हे पडदा सांगत नाही. तेथे उतरून पाहण्याला पर्याय नाही.

तिसरी, गाडी भरली की मागचे पाटे दबतात, कॅमेरा खाली येतो व किंचित खाली झुकतो. मग जवळची वस्तू लांबच्या रेषेवर दिसू लागते. म्हणून रेषा रिकाम्या गाडीवर तपासून भागत नाही.

चौथी, जमिनीला न टेकलेली वस्तू, जसे घराचे पुढे आलेले छप्पर, झाडाची फांदी, दुसऱ्या गाडीतून बाहेर आलेले पाइप, रेषांच्या हिशेबात लांब वाटते, प्रत्यक्षात ती फाळक्याला आधी लागते.

रेषा तपासण्याची रीत सोपी आहे. गाडीत नेहमीइतका माल भरा. फाळक्यापासून टेपने ३, ६ व १० फूट मोजून विटा ठेवा. कोणती वीट कोणत्या रेषेवर येते ते चालकाला दाखवा व पडद्याच्या कडेला तशी खूण करून द्या. कॅमेऱ्याचा झुकाव बदलूनही मेळ बसला नाही तर रेषा बंदच कराव्यात. पुष्कळ कॅमेऱ्यांना त्यासाठी एक छोटी वळसा दिलेली वायर असते, ती कापली की रेषा जातात; आधी सोबतचा कागद वाचावा. चुकीच्या रेषेपेक्षा रेषा नसलेली बरी.

रात्री कॅमेऱ्याला प्रकाश लागतो. त्याच्याभोवतीचे बारीक दिवे काही फुटांपलीकडे उपयोगी पडत नाहीत. दोन्ही रिव्हर्स लाइट चालू आहेत ना, हे रोज पाहावे. मॉनिटर पुढच्या काचेचा रस्ता अडवणार नाही असा बसवावा व रात्री त्याचा उजेड कमी करावा.

कारागिरांसाठी

जव्हारपासून नाशिक सुमारे ८० किलोमीटर आहे. एवढ्या कामासाठी गाडी तेथे न्यायची तर मालकाचा दिवस बुडतो व डिझेल जळते ते वेगळेच. तालुक्याच्या गावी बसलेल्या वायरमनला म्हणूनच हे काम मिळू शकते. त्यासाठी मल्टीमीटर, झाळण्याचे यंत्र, आकसणाऱ्या नळ्या, रबरी बुचे, फ्यूज व रिले एवढा सरंजाम पुरतो.

हिशेब चार भागांत लिहून द्यावा : कॅमेरा व मॉनिटर, केबल, फ्यूज-रिले व किरकोळ सामान, मजुरी. ग्राहकाला सर्व एकत्र सांगितले की तो फक्त कॅमेऱ्याच्या किमतीशी तुलना करतो, आणि मग कारागीर नळी व फ्यूज वाचवून भाव जुळवितो. ही बचत ग्राहकाच्या जिवावर केलेली असते. कोणत्या रंगाच्या वायरवर जोड घेतला, फ्यूज कोठे आहे, हे एका कागदावर लिहून गाडीत ठेवावे; पुढचा कारागीरही दुवा देईल. पहिला मोठा पाऊस झाल्यावर एकदा जोड मोफत तपासून द्यावेत. एवढ्याशा कामाने बांधलेले गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकते. गाडी हवाली करण्यापूर्वी चालकाला शेजारी बसवून दहा मिनिटे शिकविणे हेही कामातच धरावे.

कॅमेरा लावला म्हणजे जबाबदारी गेली काय?

नाही. १९८९ च्या रस्ता नियमावलीत स्पष्ट होते की कोणालाही धोका वा अडचण होणार नाही याची खात्री केल्यावाचून चालकाने गाडी मागे घेऊ नये, व गरजेपेक्षा अधिक अंतर घेऊ नये. त्या नियमावलीच्या जागी २०१७ मध्ये नवी आली, पण गाडी मागे घेताना खात्री करण्याची जबाबदारी आजही चालकावरच आहे. पडदा फक्त कॅमेऱ्यासमोरचे दाखवितो. बाजूने धावत येणारे मूल गाडीच्या मागे पोचल्यावरच त्यात दिसते, आणि तोवर वेळ उरत नाही.

म्हणून रोजची शिस्त अशी असावी :

• सकाळी काच ओल्या फडक्याने पुसा व रिव्हर्स टाकून चित्र पाहा. चित्र आले नाही तर कॅमेरा नाही असे समजूनच दिवसभर गाडी चालवा.

• पाड्यावर गाडी सोडण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. गाडीखालीही वाका, सावलीला मुले व जनावरे बसतात.

• मुलांना मागे हटविण्यापेक्षा पुढे, चालकाच्या नजरेसमोर, घराच्या ओट्यावर बसवावे. तेथे मोठे माणूस उभे करावे.

• क्लीनरने चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी उभे राहावे. तो दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवावी.

• काच खाली, रेडिओ बंद, आधी हॉर्न, मग गाडी मागे. चालण्याच्या वेगापेक्षा अधिक वेग नको.

• शक्य असेल तेथे पोचतानाच गाडी मागे घेऊन लावा, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहते. येताना आपण वाट नुकतीच पाहिलेली असते. निघताना मागे कोण येऊन बसले ते ठाऊक नसते.

व्यापारी व गाडीमालक बंधूंनो, मालाची गोणी फाटली तर ती भरून देता येते, फाळका चेपला तर पत्राकाम करता येते. ज्या दारात आपण माल पोचविला त्या दारातील मूल मात्र कोणत्याही हिशेबाने परत देता येत नाही. थोडा पैसा, एका दिवसाचे काम व रोजची दोन मिनिटे, एवढ्याने जर ते वाचत असेल तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता याच आठवड्यात खडू घ्या आणि आपल्या गाडीमागील न दिसणारी जागा मोजा.